दृष्टी आणि टाका

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना क्वचित आतड्याला छिद्र पडते. ते लहान असेल, तत्काळ ध्यानात आले असेल आणि आतडे स्वच्छ असेल, तर आज पोट न उघडता त्याच दुर्बिणीतून धातूचे इवले चिमटे सोडून छिद्राच्या कडा मिटवता येतात. आत पाहणे आणि फाटलेले सांधणे ही या उपचाराची दोन अंगे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या दोन्हींचा पाठपुरावा एकाच शल्यवैद्याने केला होता.

योहान मिकुलिच यांचा जन्म १८५० साली ऑस्ट्रियन साम्राज्यातील चेर्नोविट्झ येथे झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. वडिलांच्या मनाविरुद्ध त्यांनी वैद्यक स्वीकारले आणि पियानोच्या शिकवण्या करून व्हिएन्नातील शिक्षण पुरे केले. तेथेच ते थोर शल्यवैद्य बिलरोथ यांचे शिष्य झाले.

१८८१ साली लायटर या उपकरणकाराच्या साहाय्याने त्यांनी जठरात उतरणारी दुर्बीण सिद्ध केली. विजेने तापलेली प्लॅटिनमची तार तिला उजेड देई आणि चटका बसू नये म्हणून नळीत पाणी खेळवावे लागे. नळी ताठ असल्याने ती गिळणे रुग्णाला फार जड जाई. तिच्यातून जठराचा कर्करोग दिसला. मात्र नुसत्या दर्शनाने उपचार होत नव्हता. पुढे मिकुलिच यांनी स्वतःच हा प्रयोग मागे टाकला.

जठर वा आतडे फुटणे म्हणजे त्या काळी बहुधा मृत्यूच. १८८० साली मिकुलिच यांनी फुटलेल्या जठराला टाके घातले. रुग्ण वाचला नाही. तरीही ते खचले नाहीत. छिद्राचा संशय येताच पोट उघडावे, छिद्र शिवावे आणि पोटातील घाण धुऊन काढावी, असा आग्रह त्यांनी १८८४ पासून धरला. १८९२ साली जर्मनीत हॉइस्नर यांना अशा शस्त्रक्रियेत यश आले, तेव्हा त्या आग्रहाची सार्थकता पटली.

क्राकोव्ह, क्योनिग्सबर्ग आणि ब्रेस्लाऊ येथे त्यांनी प्राध्यापकी केली. शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीदार कापडाची पट्टी बांधण्याचा पायंडा त्यांनी १८९७ मध्ये पाडला. जठराचा वेध घेणाऱ्या या शल्यवैद्याचा १९०५ साली जठराच्याच कर्करोगाने अंत झाला. तेव्हा ते अवघे पंचावन्न वर्षांचे होते.

जठराचे छिद्र दुर्बिणीतूनच चिमट्यांनी मिटवल्याचा वृत्तान्त १९९३ साली प्रसिद्ध झाला. पुढे मोठ्या आतड्यातही हा उपाय होऊ लागला. मिकुलिच यांच्या दोन वाटा अशा रीतीने एकत्र आल्या. परंतु या सोयीमुळे त्यांची मूळ शिकवण विसरता कामा नये. छिद्र मोठे असेल, मळ पोटात पसरला असेल किंवा चिमटे लावल्यावरही पोट ताठर होऊन वेदना वाढत असतील, तर दुर्बिणीचा हट्ट सोडून शल्यवैद्याला विनाविलंब पाचारण केले पाहिजे. पोट न उघडण्याचा लाभ मोठा खरा. पण निर्णय लांबला, तर त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.