वजनाचे सूत्र देणारे गणिती : ॲडॉल्फ केतले

आजच्या बेल्जियममधील गेंट या नगरात २२ फेब्रुवारी १७९६ रोजी ॲडॉल्फ केतले यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी पितृछत्र हरपले. सतराव्या वर्षीच ते गणित शिकवू लागले आणि १८१९ मध्ये त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळविली. पुढे ब्रुसेल्सची वेधशाळा उभी राहिली ती त्यांच्याच परिश्रमाने.

एकाच ताऱ्याची अनेक निरीक्षणे एका मध्याभोवती गोळा होतात, हे ज्योतिर्विदांना ठाऊक होते. केतले यांनी हीच दृष्टी माणसाकडे वळविली. जन्म, मृत्यू, गुन्हे, उंची, वजन यांचे आकडे त्यांनी चिकाटीने जमविले आणि १८३५ च्या ग्रंथात 'सरासरी मानव' ही कल्पना मांडली. प्रौढांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील अँसेल कीज यांनी या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे; १.६ मीटर उंची व ६४ किलो वजन असेल, तर उत्तर २५.

परंतु केतले शोधीत होते समूहाचा नियम. एकेका व्यक्तीचे आरोग्य नव्हे. चरबी किती व स्नायू किती, हे सूत्राला कळत नाही. आखाड्यातील पिळदार मल्लही त्याला लठ्ठच वाटेल! उलट प्रकारही घडतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही अंक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! अंगाने सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांनाही मधुमेह का गाठतो, याचा उलगडा येथे थोडाबहुत होतो. पोटातील चरबी विशेष घातक. म्हणून कमरेचा घेर व रक्तातील साखरही पाहावी लागते. वाढत्या मुलांचा अंक तर वय व लिंग पाहूनच वाचावयाचा असतो.

आमच्या इंदूरच्या सराफ्यात तराजू सोन्याचे वजन सांगतो. कस पाहावयाचा तो कसोटीच्या दगडावरच. म्हणून कोणी तराजू फेकून देत नाही. विद्यार्थिमित्रांनो, केतले यांच्या सूत्राचेही तसेच आहे. वजनकाट्याचा इशारा आपण अवश्य ऐकावा. मात्र त्या आकड्यावरून जाड्या सोबत्याला हिणवू नये आणि सडपातळ असलेल्याने निष्काळजी राहू नये. आकड्यांवर जन्मभर प्रेम करणाऱ्या या गणितीचे स्मरण आपण आकड्याची मर्यादा ओळखूनच करू या.