कै. ताराबाई मोडक : अंगणात शाळा नेणारी माउली

मुलाला शाळेत घालताना आपण इमारत पाहतो; तेथे मूल निरोगी व निर्भय राहील काय, हे पाहत नाही. म्हणून कै. ताराबाईंचे चरित्र येथे सादर करीत आहोत.

१८९२ साली मुंबईस जन्मलेल्या ताराबाई पदवीधर होत्या. विवाहानंतर काही काळ त्यांचे वास्तव्य आपल्या विदर्भात, अमरावतीस होते. १९२३ साली भावनगरला त्या गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराच्या कार्यात सामील झाल्या. तेथे शिक्षेला थारा नव्हता. आम्ही मात्र नोकरीत कित्येक वर्षे छडीलाच शिस्त समजलो, याची आज खंत वाटते.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीस बालशिक्षणाचे केंद्र काढले. गरीब वस्तीतील मुले येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आधी शरीराची स्वच्छता, मग खेळ, गाणी व शिक्षण, असा तेथील क्रम असे. हीच अंगणवाडी होय. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी बालकांची सेवा केली. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या.

नागपूरच्या कडक उन्हात आपल्या पाल्याच्या शाळेत पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय व हसतमुख शिक्षक आहेत काय, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतः जाऊन पाहावे, ही नम्र विनंती.