मार्गारेट मॅकमिलन : आधी पोटभर जेवण, मग पाटी

बालवाडीत एखादं मूल सकाळी पेंगत बसलं की आपण पटकन म्हणतो, याचं लक्षच नाही. पण ते घरून काही खाऊन आलंय का, हे किती जण विचारतात? लहान मुलांचं खाणं हा शाळेच्या कामाचाच भाग आहे, असं शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये ठामपणे सांगणाऱ्या आणि तसं करून दाखवणाऱ्या मार्गारेट मॅकमिलन यांची आज ओळख करून घेऊ या.

बालपण

मार्गारेट यांचा जन्म २० जुलै १८६० रोजी अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ झाला. आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. १८६५ मध्ये घरात आजारपण शिरलं आणि वडील व धाकटी बहीण दोघंही गेले. मार्गारेट वाचल्या, पण तापाने त्यांना ऐकू येईनासं झालं. ते चौदाव्या वर्षापर्यंत तसंच राहिलं. आई मार्गारेट आणि मोठी रेचेल यांना घेऊन स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसला माहेरी परतली. एका आजाराने मुलाचं सगळं शिकणं कसं अडतं, हे मार्गारेट यांनी स्वतः सोसलं होतं. पुढे या दोघी बहिणींनी लग्न न करता सारं आयुष्य गरिबांच्या मुलांसाठी दिलं.

ब्रॅडफर्डची उपाशी मुलं

१८९३ मध्ये मार्गारेट ब्रॅडफर्डला आल्या. हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तिथे अकरा-बारा वर्षांची मुलं अर्धा दिवस गिरणीत राबायची आणि अर्धा दिवस शाळेत यायची. १८९४ मध्ये त्या तिथल्या शाळा मंडळावर निवडून आल्या. शाळांना भेटी देताना त्यांना काय दिसलं? अंगावर मळ, किडलेले दात, मुडदुसाने वाकलेले पाय आणि रिकामं पोट. शाळेचे डॉक्टर जेम्स केर यांच्यासोबत त्यांनी मुलांची आरोग्य तपासणी सुरू केली. १८९७ मध्ये एका शाळेत मुलांसाठी स्नानगृहसुद्धा बांधलं गेलं.

पण जेवणाचं काय? तिथे कायदा आडवा येत होता. शाळा मंडळाला कराच्या पैशातून मुलांना जेवण देता येत नव्हतं. मुलांना खाऊ घालणं हे आईबापांचं काम आहे, शाळेने ते केलं तर पालक आळशी होतील, असं म्हणणारेही पुष्कळ होते. मार्गारेट यांचं उत्तर सरळ होतं. सरकार मुलाला सक्तीने शाळेत बसवतं, मग ते उपाशी बसलं तर शिकवण्यावरचा खर्चही वायाच जातो. हा विचार त्या भाषणांतून आणि लेखांतून सतत मांडत राहिल्या. अनेकांच्या प्रयत्नांतून अखेर १९०६ मध्ये शालेय भोजनाचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी शाळांमध्ये आरोग्य तपासणीही कायद्याने आली.

चाळीस मुलांचा प्रयोग

मार्गारेट १९०२ मध्ये लंडनला गेल्या होत्या, पण ब्रॅडफर्डमधलं काम थांबलं नाही. १९०७ मध्ये डॉ. राल्फ क्राउली आणि स्वयंपाकशास्त्राच्या प्रमुख मॅरियन कफ यांनी तिथल्या चाळीस गरजू मुलांना काही आठवडे रोज न्याहारी आणि दुपारचं जेवण दिलं. न्याहारीला दुधासोबत ओटची लापशी आणि पाव. टेबलावर स्वच्छ कापड, फुलं आणि वाढायला मोठ्या मुली. मुलांचं वजन नियमित केलं जाई. जेवण न मिळणाऱ्या मुलांपेक्षा यांचं वजन भराभर वाढलं. मधे सुट्टी लागली आणि जेवण बंद झालं, तेव्हा वजन पुन्हा घसरलं! शाळेतल्या ताटाचं मोल वजनकाट्यानेच दाखवून दिलं.

पाच वर्षांच्या आत

लंडनमधल्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत दोघी बहिणींनी १९१० मध्ये मुलांचा दवाखाना काढला. मुलं बरी होऊन जात आणि थोड्याच दिवसांत तोच आजार घेऊन परत येत. कारण घर तेच, कोंदट खोली तीच, खाणं तेच. औषध देऊन भागणार नाही, हे बहिणींच्या लक्षात आलं. शिवाय मूल शाळेत दाखल होईपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. मग सुरुवात त्याच्याही आधी करायला नको का?

म्हणून १९१४ मध्ये त्यांनी लहानग्यांसाठी मोकळ्या हवेतली बालशाळा सुरू केली. एका बाजूने उघड्या शेड, भोवती बाग, बागेत फुलांसोबत भाजीपाला. मुलं सकाळी आली की आंघोळ, स्वच्छ कपडे, मग न्याहारी. दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी घरी जाण्याआधी पुन्हा खाणं. पालक जेवणासाठी थोडे पैसे देत, म्हणजे ही भीक नव्हती. महायुद्ध सुरू झालं तशी दारूगोळ्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या आयांची मुलंही इथे येऊ लागली.

ऐन युद्धात, २५ मार्च १९१७ रोजी, रेचेल यांचं निधन झालं. तो त्यांचा वाढदिवस होता. मार्गारेट एकट्या पडल्या, पण शाळा बंद केली नाही. शाळेला बहिणीचं नाव दिलं आणि काम वाढवलं. १९१८ च्या शिक्षण कायद्याने दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या बालशाळांना मान्यता दिली. त्यात आरोग्य आणि पोषणाचा स्पष्ट उल्लेख होता. तरी काही जणांना दोन-तीन तासांचीच बालशाळा हवी होती. मार्गारेट दिवसभराच्या शाळेवर अडून राहिल्या. दोन-तीन तासांत जेवणं आणि झोप कुठून बसवणार? १९३० मध्ये रेचेल यांच्या नावाने शिक्षिकांचं महाविद्यालय उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, मार्च १९३१ मध्ये, मार्गारेट यांचं निधन झालं.

आपण काय घ्यावं?

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडीत पूरक आहार, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण एका छताखाली आलं. तरी खिचडी वाटणं हे अभ्यासाच्या मधलं काम, असं अजूनही काहींना वाटतं. शिक्षकांनी आणि पालकांनी एवढं जरूर करावं :

१. मूल शाळेत येण्याआधी काही खाऊन आलं का, याची रोज विचारपूस करावी.

२. वजनाची नोंद केवळ रजिस्टरसाठी न करता मागच्या महिन्याशी ताडून बघावी. लांब सुट्टीनंतर तर नक्कीच.

३. हात धुणं, ओळीत बसणं, एकमेकांना वाढणं हाही पाठच आहे. त्याला पुरेसा वेळ द्यावा.

४. डब्यात बिस्किटाच्या पुड्याऐवजी भाजी-पोळी, उसळ, थालीपीठ, शेंगदाण्याचा लाडू, केळं असं काही द्यावं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला अख्खे शेंगदाणे मात्र देऊ नयेत, घशात अडकतात.

५. मूल खात नसेल तर रागावू नये. थोडं वाढावं आणि आपणही सोबत बसून खावं.