राज्य ज्याच्या नावाने चालले

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत दोन वाक्यांत आटोपतो. अमेरिकेतल्या वसाहती याने घालवल्या आणि पुढे याला वेड लागले. ही दोन वाक्ये इतकी शेजारीशेजारी छापलेली असतात की, एकातून दुसरे निघाले असावे असा विद्यार्थ्याचा समज व्हावा. वस्तुतः अमेरिका कायमची हातची गेली ती १७८३ च्या तहाने. आणि राजाचे मन जगासमोर ढासळले ते त्यानंतर पाच वर्षांनी.

मराठी वाचकाला या राजाकडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे. तो गादीवर आला २५ ऑक्टोबर १७६० रोजी. त्या वेळी भाऊसाहेबांच्या फौजा उत्तरेत होत्या आणि पानिपतच्या संक्रांतीला तीन महिनेही उरले नव्हते. तो वारला २९ जानेवारी १८२० रोजी. तोपर्यंत शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढून दोन वर्षे उलटून गेली होती. थोरल्या माधवरावांपासून दुसऱ्या बाजीरावापर्यंतची सारी पेशवाई या एका माणसाच्या कारकिर्दीत मावते! आणि पेशवाई बुडाली त्या वेळी तो स्वतः कोठे होता, तर विंडसरच्या वाड्यात, काही खोल्यांत, आंधळा आणि भ्रमिष्ट.

वेडा राजा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लहरी, विलासी, क्रूर असा कोणी उभा राहतो. जॉर्ज यांपैकी काहीच नव्हता. बारा वर्षांचा असताना वडील वारले, बाविसाव्या वर्षी आजोबांमागून राज्य आले. त्या घराण्याचे आधीचे दोन्ही राजे जर्मनीत जन्मलेले. हा पहिलाच इंग्लंडात जन्मलेला. जर्मनीतील हॅनोव्हर हे त्याचे वडिलोपार्जित राज्य, पण तेथे त्याने आयुष्यात एकदाही पाऊल ठेवले नाही. १७६१ मध्ये शार्लोटशी लग्न झाले आणि तिला पंधरा मुले झाली. त्या काळच्या राजेलोकांत दुर्मिळ अशी गोष्ट म्हणजे, त्याने रखेल ठेवली नाही. खाणे साधे, उठणे पहाटेचे. शेतीचा नाद एवढा की लोक त्याला शेतकरी जॉर्ज म्हणून चिडवीत; त्याने शेतकीच्या नियतकालिकात टोपणनावाने लिहिलेदेखील. १७६९ मध्ये शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण पाहता यावे म्हणून त्याने क्यू येथे वेधशाळा बांधवून घेतली. युरेनसचा शोध लावणाऱ्या हर्शेलला वर्षासन दिले. त्याने जमवलेली सुमारे ६५,००० ग्रंथांची लायब्ररी पुढे ब्रिटिश म्युझियमकडे गेली.

पण मला या माणसाची खरी ओळख पटते ती एका लहानशा सवयीवरून. आपल्या पत्रांवर तो नुसती तारीख घालून थांबत नसे. किती वाजून किती मिनिटे झाली तेही लिही. घड्याळे उघडून पुन्हा जोडण्याचा त्याला छंद होता. पंचेचाळीस वर्षे त्याने खाजगी चिटणीस ठेवला नाही. सारा पत्रव्यवहार स्वतःच्या हाताने केला. १८०५ मध्ये डोळे गेले तेव्हा कोठे एक चिटणीस नेमावा लागला. सारांश, हा अतिशय नेटका, कर्तव्याला चिकटून असणारा आणि तितकाच हट्टी माणूस होता. हट्टाची किंमत अमेरिकेच्या प्रकरणी त्याने आणि त्याच्या देशाने मोजली. त्या पराभवानंतर त्याने राज्यत्यागाचा मसुदा लिहून काढला होता. तो कागद तसाच राहिला.

१७८८ च्या उन्हाळ्यात पोटात कळा येऊ लागल्या. हवापालट झाला, बरे वाटले. पण ऑक्टोबरात दुखणे उलटले आणि या वेळी ते मनात शिरले. राजा बोलू लागला तो थांबेचना. तासन् तास, घसा बसेपर्यंत, विषयाला विषय जोडीत. झोप गेली. मध्येच रडू कोसळे. नोव्हेंबरात एका रात्री जेवणाच्या वेळी तो थोरल्या मुलाच्या, युवराजाच्या, अंगावर धावून गेला. राणीने आपले बिछाने दुसऱ्या खोलीत हलवले. आपल्याला काहीतरी होते आहे हे त्याला कळत होते; आणि माझ्या मते या आजाराचा सर्वांत क्रूर भाग हाच.

महिनाअखेर त्याला विंडसरहून क्यूच्या वाड्यात नेले. तो जायला तयार नव्हता. तेव्हा राणी आणि मुली पुढे गेल्या आहेत, तेथे भेट होईल, असे सांगून त्याला गाडीत बसवले. तेथे पोचल्यावर भेट होऊ दिली नाही. क्यूचे घर उन्हाळ्यासाठी बांधलेले; थंडीचा वारा अडवायला दारेखिडक्यांशी वाळूच्या पिशव्या रचाव्या लागल्या. डिसेंबरात तेथे फ्रान्सिस विलिस आला. सत्तरीचा, पाद्रीही आणि वैद्यही. लिंकनशायरमध्ये तो वेड्यांचे खाजगी रुग्णालय चालवी आणि रोग्यांना शेतात कामाला लावी. त्याची रीत साधी होती. रोगी शांत राहिला तर मोकळीक. न राहिला तर लांब बाह्यांचा अंगरखा चढवून हात बांधून टाकायचे, नाहीतर खुर्चीला जखडायचे. त्या खुर्चीला राजा स्वतःच राज्याभिषेकाची खुर्ची म्हणे. पायांवर औषधांनी फोड आणून दोष बाहेर काढण्याचा इतर वैद्यांचा उपाय चालूच होता; त्या जखमांच्या वेदनेने रोगी ओरडला की तेही वेडाचेच लक्षण धरले जाई.

त्याच वर्षी ऑगस्टात, इकडे दिल्लीत, गुलाम कादिराने बादशहा शाहआलमचे डोळे काढले होते. पुढे महादजी शिंद्यांच्या फौजांनी दिल्ली सोडवली आणि त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले. कंपनी सरकार बंगालचा महसूल वसूल करी तो याच बादशहाने १७६५ मध्ये दिलेल्या दिवाणीच्या आधारावर. म्हणजे ज्या दोन राजांच्या नावाने कंपनीचा कारभार चाले, ते दोघेही एकाच वर्षात दुसऱ्यांच्या स्वाधीन झाले होते. अर्थात दिल्लीत ते वैऱ्याने केले. क्यूमध्ये ते उपचार म्हणून झाले.

लंडनच्या पार्लमेंटात तोवर निराळीच धामधूम उडाली होती. राजा बरा होणार नसेल तर युवराजाला रीजंट, म्हणजे राजाच्या नावाने कारभार पाहणारा, नेमावे लागणार. युवराज हा फॉक्सचा मित्र. तो आला की पंतप्रधान पिटचे मंत्रिमंडळ जाणार हे उघड होते. त्यामुळे राजाची नाडी हा पक्षांचा प्रश्न होऊन बसला. राजा बरा होणार असे म्हणणारा विलिस पिटला हवासा, आणि नाही म्हणणारा डॉक्टर वॉरन फॉक्सच्या मंडळींना. वैद्यांना समितीपुढे बोलावून साक्षी घेतल्या गेल्या. युवराजाला रीजंट होण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे, असे फॉक्स म्हणून बसला. राजसत्तेला वेसण घालावी असे जन्मभर सांगणारा हा पुढारी. त्याच्या तोंडी हे वाक्य आल्याबरोबर पिटने त्याला तेथेच पकडले आणि आठवड्यांवर आठवडे चर्चेत घालवले. युवराजाचे अधिकार चांगलेच आवळणारे विधेयक लोकसभागृहातून पारही झाले. वरिष्ठ सभागृहात ते अडलेले असतानाच, फेब्रुवारी १७८९ मध्ये, राजा शुद्धीवर आला!

२३ एप्रिलला सेंट पॉलच्या देवळात आभाराची प्रार्थना झाली. विलिसला वर्षाला १,००० पौंडांचे वेतन मिळाले आणि त्याचे नाव असे पसरले की १७९२ मध्ये पोर्तुगालची राणी मारिया, जिच्या नावाने तेव्हा गोव्याचा कारभार चाले, तिच्या वेडावर इलाज करायला त्यालाच बोलावले. तेथे मात्र त्याचे काही चालले नाही.

राजाला स्वतःला वेड लागण्याआधी दोन वर्षे, १७८६ मध्ये, मार्गारेट निकल्सन नावाची स्त्री अर्ज देण्याच्या मिषाने पुढे येऊन त्याच्यावर सुरी चालवायला गेली होती. ती भ्रमिष्ट आहे हे त्याने क्षणात ओळखले आणि तिला कोणी इजा करू नये असे सांगितले. १८०० मध्ये हॅडफिल्ड नावाच्या माजी सैनिकाने नाटकगृहात त्याच्यावर पिस्तूल झाडले, नेम चुकला. राजाने खेळ थांबवू दिला नाही. हॅडफिल्ड वेडा ठरून सुटला आणि अशा आरोपींना कोठडीत ठेवण्यासाठी पार्लमेंटाने कायदा केला.

१८०१ मध्ये कॅथलिकांना राजकीय हक्क देण्याच्या प्रश्नावर पिटने राजीनामा दिला. राजाने आपल्या शपथेचे कारण पुढे करून ते हक्क ठामपणे नाकारले होते. तो हट्ट आयर्लंडला फार महाग पडला, आणि आजाराची सबब सांगून त्याला त्यातून सोडवता येत नाही. त्याच सुमारास दुखणे परत आले. तो बरा होत असतानाही विलिसच्या मुलांनी त्याला क्यूमध्ये अडकवून ठेवले. तेव्हा कुटुंबाकडे जाऊ दिल्याशिवाय एकाही कागदावर सही करणार नाही, असे त्याने बजावले. त्याच्याजवळ तेवढेच एक शस्त्र होते. आणि ते चालले. १८०४ मध्ये पुन्हा झटका आला. त्यानंतर राणी त्याच्याजवळ एकटी राहायला भिऊ लागली.

हा आजार कोणता, यावर बराच वाद झाला आहे. १९६६ मध्ये मॅकॲल्पाइन आणि हंटर या मायलेकांनी तो पॉर्फिरिया हा आनुवंशिक शारीरिक रोग असल्याचे मांडले. लघवीला आलेला गडद रंग हा त्यांचा एक मोठा आधार. ते मत वर्षानुवर्षे सर्वमान्य होते. २००५ मध्ये त्याच्या केसांत आर्सेनिकही सापडले; ते औषधांतूनच पोटात गेले असावे. अलीकडचे अभ्यासक मात्र त्याची पत्रे आणि वैद्यांची टिपणे पुन्हा तपासून, उन्माद आणि अवसाद आळीपाळीने येणाऱ्या मनोविकाराकडे वळले आहेत. आजारपणातल्या पत्रांत वाक्ये लांबत जातात. मिनिटांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला पूर्णविराम सापडत नाही.

धाकटी लाडकी मुलगी अमेलिया २ नोव्हेंबर १८१० रोजी वारली, आणि त्यानंतर तो सावरलाच नाही. फेब्रुवारी १८११ मध्ये युवराज रीजंट झाला. राजा विंडसरच्या खोल्यांत राहिला. दाढी पांढरी, छातीपर्यंत आलेली, अंगात जांभळा झगा. पुढे कानही गेले. हार्प्सिकॉर्ड तो वाजवी, जरी शेवटीशेवटी स्वतःला ऐकू येत नसे. अमेलिया जिवंत आहे, हॅनोव्हरला मुलाबाळांत सुखी आहे, अशी त्याची खात्री होती. जे गाव त्याने स्वतः कधी पाहिले नाही, तेथे त्याने तिचा संसार थाटून दिला होता. लहानपणीच गेलेल्या ऑक्टेव्हियसशीही तो बोले.

बाहेर वॉटर्लू झाले. खडकी, कोरेगाव, आष्टी झाले. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला राणी शार्लोट वारली. सत्तावन्न वर्षांचा संसार मोडल्याचे त्याला समजले नाही. १८१९ च्या नाताळात तो अठ्ठावन्न तास अखंड बोलत होता असे सांगतात. महिन्याभरात, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, तो गेला.

'नटसम्राट' पाहिलेल्यांना शेक्सपिअरच्या लियरची ओळख वेगळी करून द्यायला नको. राजाच्या या शेवटच्या वर्षांत लंडनच्या नाटकगृहांनी 'किंग लियर'चे प्रयोग बंद ठेवले होते; रंगमंचावरचा भ्रमिष्ट म्हातारा राजा पाहून प्रेक्षकांना विंडसर आठवले असते. १८२० च्या वसंतात, दफन होऊन थोडेच आठवडे झाले होते, तेव्हा लियर पुन्हा लंडनच्या रंगभूमीवर आला.