पटकीची वाट अडविणारे डॉ. प्रूस्त

आगबोटीने माल जितक्या त्वरेने हिंडतो तितक्याच त्वरेने रोगही हिंडतो, हे व्यापारी मंडळीस सांगावयास नको. त्या रोगाची वाट नेमकी कोठे अडवावी याचा ध्यास ज्यांनी जन्मभर घेतला, त्या डॉ. आद्रियां प्रूस्त यांचे नाव आज कादंबरीकार पुत्र मार्सेल यांच्या कीर्तीखाली झाकले गेले आहे. हे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

१८३४ साली फ्रान्सातील इलिए गावी एका किराणा दुकानदाराच्या घरी ते जन्मले. १८६५ साली मक्केच्या यात्रेत पटकी उसळली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर इजिप्तात व तेथून भूमध्यसमुद्राच्या बंदरोबंदरी पोहोचली. पुढल्याच वर्षी पॅरिसच्या रुग्णालयात प्रूस्त रोग्यांच्या उशाशी उभे होते. १८६९ साली सरकारने त्यांस रोगाचा मार्ग शोधण्यास धाडले. रशियातून आस्त्राखान, पुढे इराणात तेहरान, बराच प्रवास घोड्यावरून, आणि परत कॉन्स्टँटिनोपलवरून! पटकी माणसाच्याच पावलांनी चालते, अशी त्यांची खात्री झाली; आणि युरोपाचा दरवाजा इजिप्त हाच, तेथेच पहारा हवा, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

आडवे आले ते इंग्रज सरकार. सुएझ कालव्यातील बहुतेक जहाजे इंग्रजांची. तपासणीने व्यापार खोळंबेल ही त्यांची तक्रार. १८८५ ची रोमची परिषद कराराविनाच उठली. १८९२ साली व्हेनिसला करार झाला, तो प्रूस्तांनी जुन्या सरसकट कोंडीचा हट्ट धरला नाही म्हणून. जहाजांचे निर्दोष, संशयित व बाधित असे तीन वर्ग पडले. ज्यावर डॉक्टर व निर्जंतुक करण्याची भट्टी असेल त्यास सवलत मिळाली. रोग अडावा, माल अडू नये, ही तडजोड आम्हांस शहाणपणाची वाटते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ साली व्हेनिसला पुन्हा परिषद भरली. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्यांची वाट सरकारने बंद केली आणि पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरले. सुएझवर व्यापाराच्या स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्यांस आमच्या उंबरठ्याची मात्र क्षिती वाटली नाही! प्रूस्तांकडेही एक उणीव राहिलीच. त्यांस युरोपाचे दार राखावयाचे होते. गंगाकाठच्या माणसास शुद्ध पाणी मिळावे, हा त्या परिषदांचा विषय झाला नाही.

१९०३ च्या नोव्हेंबरात ते वारले. राष्ट्रांनी एकमेकांस साथीची खबर द्यावी म्हणून एक कायमची कचेरी असावी, असे ते सांगत आले होते. ती १९०७ च्या कराराने पॅरिसास स्थापन झाली. तिचे काम १९४८ नंतर जागतिक आरोग्य संघटनेकडे गेले.