किलमार्नॉकचा किराणा दुकानदार

जॉनी वॉकर म्हटलं की माझ्या पिढीतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आधी बाटली येत नाही. येतो तो पडद्यावरचा बारीक मिशीचा, किनऱ्या आवाजाचा बेवडा. बद्रुद्दीन काझी हे त्यांचं खरं नाव. मूळचे इंदूरचे, मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते. गुरुदत्तने त्यांना १९५१ च्या ‘बाजी’त घेतलं आणि एका स्कॉच व्हिस्कीचं नावही दिलं. गंमत अशी, की दारुड्याचं सोंग इतकं हुबेहूब वठवणारे हे गृहस्थ प्रत्यक्षात दारूला शिवत नसत. २००३ साली ते गेले. पण ज्याच्या नावावर त्यांनी उभा जन्म काढला, तो मूळचा जॉन वॉकर कोण? बाटलीवर उंच टोपी घालून, काठी घेऊन ताडताड चालणारा साहेब? छे. ते चित्र टॉम ब्राउन नावाच्या चित्रकाराने १९०८ साली काढलं. तोवर जॉन वॉकरला जाऊन अर्धं शतक उलटलं होतं. खरा जॉन वॉकर किराणा दुकानदार होता आणि त्याच्या दुकानात चहा जास्त खपत असे.

मी राहतो ते रोहणा, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं गाव. आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. अशा जिल्ह्यात बसून व्हिस्कीवाल्याचं चरित्र सांगायचं, तेही घरातल्या सगळ्यांच्या हाती पडणाऱ्या रविवारच्या पुरवणीत, म्हणजे जरा धाडसच. पण मला या माणसाची ओढ लागली ती बँकेच्या नोकरीमुळे. खेड्यापाड्यांतल्या शाखांत मी किराणा दुकानदारांची कॅश क्रेडिटची खाती सांभाळली. नजरगहाण मालाची तपासणी करायला गेलो की साखरेची पोती मोजायची, तेलाचे डबे मोजायचे आणि मनात एकच प्रश्न ठेवायचा: या माणसाची पत किती? जॉन वॉकरची गोष्ट वाचताना मला सतत वाटत राहिलं, की ही एका खातेदाराचीच फाइल आहे.

फाइल उघडते १८०५ साली. स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यात किलमार्नॉक हे गाव. रॉबर्ट बर्न्स या शेतकरी कवीचं पहिलं पुस्तक १७८६ साली इथेच छापलं गेलं. गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी २५ जुलै १८०५ रोजी जॉनचा जन्म झाला. १८१९ मध्ये वडील वारले. पोरगा चौदा वर्षांचा. शेत कसणार कोण? जाणत्या माणसांनी शेती मोडली आणि मुलाच्या वाट्याचे ४१७ पौंड विश्वस्तांच्या हाती आले. आपल्याकडे अशा वेळी काय होतं, ते मी पुष्कळ पाहिलं आहे. काका-मामा जमतात आणि पोरगं मोठं होईस्तोवर पैसा पातळ होऊन जातो. या विश्वस्तांनी मात्र ती रक्कम किलमार्नॉकमधल्या एका दुकानात गुंतवली. १८२० साली वयाच्या पंधराव्या वर्षी जॉन वॉकर गल्ल्यावर बसला. आजच्या हिशेबाने तो दहावीच्या वर्गातला मुलगा.

दुकानात चहा, मसाले, वाइन आणि हळूहळू रम, ब्रँडी, जिन, व्हिस्की. स्वतः जॉन मद्य घेत नसे, असं सांगतात. त्याच्या उमेदीच्या काळात दोन गोष्टी घडल्या. त्याआधी स्कॉटलंडात दारूवर जबर कर होता आणि त्यामुळे डोंगरदऱ्यांत चोरट्या भट्ट्यांचा सुळसुळाट होता. आमच्याकडच्या नाल्याकाठच्या हातभट्ट्या आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. १८२३ च्या कायद्याने कर निम्म्याहून खाली आला, परवाना घेऊन उघड धंदा करणं परवडू लागलं आणि अनेक भट्टीवाले उजेडात आले. पुढे १८३० च्या सुमारास इनियस कॉफी या अबकारी खात्यातल्या माजी अधिकाऱ्याने अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातन यंत्राचं पेटंट घेतलं. त्यातून धान्याची हलकी, स्वस्त व्हिस्की निघू लागली. जवाचं माल्ट करून, तांब्याच्या भांड्यांत दोनदा गाळून निघते ती माल्ट व्हिस्की. ती चवीला दमदार, पण लहरी. एकाच भट्टीची असली तरी एक पिंप दुसऱ्यासारखं नसतं.

ही लहर हीच त्या काळच्या दुकानदाराची डोकेदुखी होती. आज घेतलेली व्हिस्की गिऱ्हाइकाला आवडली, म्हणून तो महिन्याने परत आला, तर ते पिंप संपलेलं. नव्या पिंपाची चव निराळी. मग गिऱ्हाईक समजतो, दुकानदाराने भेसळ केली. चहाच्या बाबतीत हा प्रश्न किराणावाल्यांनी आधीच सोडवला होता. निरनिराळ्या मळ्यांचा चहा चाखून, तोलून, मिसळून ठेवायचा, म्हणजे दर खेपेला कपात तोच रंग आणि तीच चव. जॉनने हेच व्हिस्कीला लावलं. पिंपामागून पिंप हुंगायचं, ताडून बघायचं, गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे मिसळून द्यायचं. पुढे त्या मिश्रणाला त्याने आपल्या गावाचं आणि आपलं नाव दिलं. माझ्या मते या चरित्रातली सर्वांत मोठी घटना हीच. मोठमोठे दारूवाले असताना एका किराणावाल्याने बाटलीवर स्वतःचं नाव लिहिलं. म्हणजे माल वाईट निघाला तर गिऱ्हाइकाने कुणाच्या दारात यायचं, हे त्याने आधीच सांगून टाकलं. बँकेच्या भाषेत, त्याने स्वतःच स्वतःला जामीन दिला.

१८५२ साली किलमार्नॉकला पूर आला. दुकानात पाणी शिरलं आणि मालाची नासाडी झाली. तेव्हा जॉन सत्तेचाळीस वर्षांचा होता. या वयात माणूस नव्याने उभा राहतो तो भांडवलावर नव्हे, उधारीवर, आणि उधारी मिळते ती बत्तीस वर्षांच्या व्यवहारावर. जॉन वॉकर उभा राहिला. पाच वर्षांनी, १८५७ मध्ये, बावन्नाव्या वर्षी तो वारला. कंपनीच्या इतिहासात एक आकडा येतो, तो मला फार आवडतो: जॉनच्या काळात दुकानाच्या उत्पन्नात व्हिस्कीचा वाटा होता सुमारे आठ टक्के. म्हणजे जगात व्हिस्कीसाठी ज्याचं नाव घेतात, त्याचा शेकडा ब्याण्णव धंदा दुसऱ्याच मालाचा होता.

बाकीचं काम मुलाने केलं. अलेक्झांडर बापाइतका स्वस्थ नव्हता. १८४३ पासून किलमार्नॉकला ग्लासगोची रेल्वे जोडली गेली होती आणि ग्लासगोचं बंदर म्हणजे जगाचा दरवाजा. १८६० च्या कायद्याने, कर भरण्याआधीच, सरकारी देखरेखीच्या गोदामात माल्ट आणि धान्य-व्हिस्की मिसळायला परवानगी मिळाली. अलेक्झांडरने जहाजांच्या कप्तानांनाच आपले दलाल केलं. बाटली चौकोनी केली, म्हणजे खोक्यात जास्त बसतात आणि कमी फुटतात. लेबल चोवीस अंशांनी तिरकं लावलं, म्हणजे अक्षरं मोठी करता येतात. १८८९ मध्ये तो गेला, तोवर आठ टक्क्यांचे नव्वदांच्या वर झाले होते. १९०९ साली नातवांनी लाल आणि काळं लेबल बाजारात आणलं.

आता एक उलटा प्रवास सांगतो. जॉनने लहरी पिंपं मिसळून एकसारखी चव आणली आणि जग जिंकलं. पण शंभर-सव्वाशे वर्षांनी रसिकांना त्याच लहरी हव्याशा वाटू लागल्या. एकाच भट्टीची, न मिसळलेली ती सिंगल माल्ट. १९६३ पासून ग्लेनफिडिक या भट्टीने ती स्कॉटलंडबाहेर जोमाने विकायला सुरुवात केली. आणखी एक पायरी पुढे आहेत ते स्वतंत्र बाटलीवाले. यांची स्वतःची भट्टी असेलच असं नाही. हे लोक भट्ट्यांकडून पिंपं विकत घेतात, आपल्या कोठारात मुरवतात आणि एकेक पिंप वेगळं बाटलीत भरून आपल्या नावाने विकतात. कॅडनहेड हे घराणं १८४२ पासूनचं. एल्गिन गावातलं गॉर्डन अँड मॅकफेल १८९५ सालचं, आणि तेही मुळात किराणा दुकान! लेबलवर भट्टीचं नाव, गाळल्याचं साल, भरल्याचं साल, पिंपाचा क्रमांक, त्यातून किती बाटल्या निघाल्या, सगळं लिहिलेलं. एखाद्या खातेउताऱ्यासारखं.

काही वर्षांपूर्वी पुतण्याकडे एडिंबरोला गेलो होतो, तेव्हा त्याने माझ्यापुढे तीन छोटे पेले ठेवले. तिन्हींत आयला बेटावरची कल-ईला. ही भट्टी १८४६ ची, आणि तिचा माल जॉनी वॉकरच्या मिश्रणातही जातो. एक पेला कंपनीच्या बाटलीतला, दोन स्वतंत्र बाटलीवाल्यांचे. आमच्या सौभाग्यवती समोर चहा घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचं लक्ष पेल्यांपेक्षा माझ्याकडे जास्त होतं. पिण्याआधी हुंगायचं, घोट जिभेवर फिरवायचा, मग दोन-चार थेंब पाणी घालून पुन्हा हुंगायचं, अशी रीत. पहिल्या पेल्यात पऱ्हाटीच्या चुलीसारखा धूर आणि लिंबाची साल. तिकडे जवाचं माल्ट पीट नावाच्या दलदलीतल्या वाळक्या मातीवर धुरावतात, तो हा वास. दुसरा पेला बर्बन व्हिस्कीच्या जुन्या पिंपातला. तिसरा शेरी वाइनच्या पिंपात मुरलेला. दुसऱ्यात धूर तोच, पण जिभेवर झणका जास्त, कारण पाणी घालून ती सौम्य केलेली नव्हती. थेंबभर पाण्याने तिच्यातून व्हॅनिला वर आला. तिसऱ्यात काकवी, मनुका आणि मागून धूर. एक भट्टी, एकच जव, तरी तीन स्वभाव. एका आईची तीन लेकरं असतात तसं. लाकूड, हवा आणि वर्षं यांची ही करणी. दरसाल सुमारे दोन टक्के मद्य पिंपातून उडून जातं. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. आमच्या मे महिन्यात देवदूत किती पीत असतील, याचा विचार करावा!

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की जॉन वॉकर दुकानाच्या मागच्या खोलीत रोज हेच करत असणार. फरक इतकाच, की मी मौजेखातर चाखत होतो, तो जबाबदारी म्हणून.

वाचकांनी याचा भलता अर्थ घेऊ नये. दारूने बसलेली घरं मी पाहिली आहेत. पगार झाल्याच्या दिवशी बँकेच्या दाराशी नवऱ्याची वाट अडवून उभ्या राहिलेल्या बायाही पाहिल्या आहेत. स्कॉटलंडात बसून तीन पेले ताडून बघणं ही सुखवस्तू माणसाची चैन आहे आणि त्या बायांच्या रागापुढे तिची किंमत शून्य. पण आमच्या भागात बंदी असूनही जी विकली जाते, ती बिननावाची असते. प्लास्टिकच्या पिशवीवर ना गाव, ना साल, ना करणाऱ्याचं नाव. पिणारा मेला तर कुणाच्या दारात जायचं? विकणारा लपलेला असतो, हा त्या विषातला अर्धा भाग. जॉन वॉकरच्या देशातही १८२३ पूर्वी हेच चालत होतं. मग एका पोरसवदा दुकानदाराने हिशेब उघडा ठेवून धंदा केला. माल कोणताही असो, तांदूळ, औषध, बियाणं, कर्ज, कादंबरी, खाली सही करायची हिंमत असेल तरच तो विकावा, असं हे चरित्र मला सांगतं. आमच्या शेतकऱ्याला बोगस बियाण्याने जेव्हा फसवलं जातं, तेव्हा याचं मोल कळतं.

फाइलीतली शेवटची नोंद मात्र सुखाची नाही. १९२५ मध्ये वॉकरांची कंपनी एका मोठ्या समूहात विलीन झाली. पुढे मालक बदलत गेले आणि १९९७ पासून ती डिआजिओ या बलाढ्य कंपनीकडे आहे. २००९ साली कंपनीने किलमार्नॉकचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं. सुमारे सातशे लोकांच्या नोकरीचा प्रश्न होता. गावकरी हजारोंनी रस्त्यावर उतरले, मोर्चा निघाला, पण २०१२ मध्ये कुलूप लागलं. बाटलीवरचा साहेब आजही जगभर ताडताड चालतो आहे. त्याने पहिलं पाऊल जिथून टाकलं, त्या गावात आता त्याची बाटली भरली जात नाही. नाव विकत घेता येतं, नफ्यासकट घेता येतं. पत मात्र त्या चौदा वर्षांच्या पोरक्या मुलाने गल्ल्यावर बसून एकेका गिऱ्हाइकाकडून मिळवलेली होती, आणि ती कुठल्याही ताळेबंदात दाखवायची सोय नाही.