विश्लेषण : भिशी, गहाणवट आणि बौद्ध मठ... चिनी पैशाचा इतिहास मांडणारे ल्येन-शंग यांग कोण होते?

गहाणवटीचे दुकान, भिशी, लिलाव आणि लॉटरी. चीनमध्ये या चारही व्यवहारांचा उगम बौद्ध मठांत झाला किंवा त्यांचा मठांशी जवळचा संबंध होता, अशी मांडणी १९५० मध्ये एका शोधनिबंधाने केली. लेखक होते हार्वर्ड विद्यापीठातील चिनी इतिहासकार ल्येन-शंग यांग. चीनच्या आर्थिक इतिहासाचा अभ्यास पाश्चात्त्य विद्यापीठांत रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. मात्र हे काम त्यांना मायदेशापासून दूर राहून करावे लागले.

जडणघडण कुठे झाली?

यांग यांचा जन्म १९१४ मध्ये हेबेई प्रांतातील बाओदिंग येथे झाला. पेकिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राची पदवी घेतली, पण ओढ इतिहासाची होती. तांग राजवटीचे जाणकार आणि संस्कृतचे अभ्यासक छन यिन्के यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी तांग काळातील करपद्धतीवर प्रबंधिका लिहिली. धान्य, कापड आणि वेठ या रूपातला कर जाऊन इ. स. ७८० मध्ये वर्षातून दोनदा भरायचा कर कसा आला, हा त्यांचा विषय होता.

अमेरिकेत कसे पोहोचले?

पदवी हाती पडली त्याच वर्षी, १९३७ मध्ये, जपानने चीनवर आक्रमण केले. पेकिंग शत्रूच्या ताब्यात गेले आणि त्सिंगहुआ विद्यापीठ दक्षिणेकडे हलवावे लागले. यांग मात्र शहरातच राहिले. तिथे अभ्यासासाठी आलेले हार्वर्डचे प्राध्यापक चार्ल्स गार्डनर यांना ते चिनी ग्रंथ वाचण्यात मदत करत. पुढे गार्डनर यांनीच त्यांना अमेरिकेत बोलावले आणि शिक्षणासाठी पदरचे पैसे दिले. यांग १९४२ मध्ये एमए, तर १९४६ मध्ये पीएचडी झाले. युद्धकाळात त्यांनी भाषातज्ज्ञ युएन-रन चाओ यांच्याबरोबर अमेरिकी सैनिकांना चिनी शिकवले. बोलीभाषेचा दोघांनी मिळून केलेला शब्दकोश १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मठांचा पैशाशी काय संबंध?

मठांकडे दानातून पैसा आणि धान्य येई. ते कर्जाऊ देऊन मिळणाऱ्या व्याजातून मठांचा खर्च भागे. त्यासाठी वस्तू गहाण ठेवल्या जात. पाचव्या शतकाच्या सुमाराची एक गोष्ट चिनी इतिहासग्रंथांत आहे. एका गरिबाने मठात तागाचा भारा गहाण ठेवला. सोडवून आणल्यावर त्यात कुणाचे तरी सोने निघाले. त्याने ते परत नेऊन दिले आणि बक्षीसही नाकारले. गोष्ट प्रामाणिकपणाची असली, तरी इतिहासकाराच्या दृष्टीने ती मठातल्या गहाणवटीचा पुरावा ठरते.

मृत भिक्खूच्या वस्तूंचा मठात लिलाव होई. ही प्रथा भारतातून आलेल्या विनयाच्या नियमांशी जोडलेली होती. मठाचा पैसा व्याजावर ठेवण्याची पद्धतही भारतात जुनीच. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. त्यानुसार भिक्खूंच्या चीवरांसाठी ३,००० कार्षापणे विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेवली होती. त्यातील २,००० वर दरमहा शेकडा एक, तर १,००० वर शेकडा पाऊण व्याज ठरले होते.

‘शंभर’ म्हणजे सत्त्याहत्तर कसे?

यांग यांचे ‘मनी अँड क्रेडिट इन चायना’ हे पुस्तक १९५२ मध्ये आले. दीडशे पानांच्या आतल्या या पुस्तकात भोके पाडलेली नाणी, कागदी चलन, गहाणवटीची दुकाने आणि शान्शी प्रांतातील हुंडीच्या पेढ्या या सगळ्यांचा आढावा आहे. सिचुआनमध्ये लोखंडी नाणी चालत. त्यांचे ओझे नको म्हणून व्यापाऱ्यांनी पावत्या वापरायला सुरुवात केली आणि अकराव्या शतकात सरकारने तो व्यवहार आपल्या हाती घेतला. जगातील पहिले कागदी चलन घडले ते असे.

जुन्या शब्दांचा नेमका अर्थ लावणे हे यांग यांचे बलस्थान होते. नाणी दोरीत ओवून मोजली जात. पण सोंग काळात सरकारी हिशेबात शंभर म्हटले की प्रत्यक्षात ७७ नाणी धरत. हे ठाऊक नसलेल्या संशोधकाची जुन्या किमती आणि करांची आकडेमोड चुकणारच. त्यामुळे इतरांच्या पुस्तकांची त्यांनी केलेली परीक्षणे धाक घालणारी ठरली.

दुष्काळात श्रीमंतांनी खर्च केला तर गरिबांच्या हाताला काम मिळते, हा विचार जुन्या चिनी ग्रंथांतही होता, हे त्यांनी १९५७ च्या एका निबंधात दाखवले. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामे पाहिलेल्यांना हा विचार परका वाटणार नाही.

किंमत काय मोजावी लागली?

१९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी सत्ता आली आणि परतीची वाट बंद झाली. यांग हार्वर्डमध्ये स्थिरावले आणि १९५८ मध्ये पूर्ण प्राध्यापक झाले. पण त्याच सुमारास त्यांना मानसिक आजाराने गाठले आणि तो पुढेही अधूनमधून उफाळत राहिला. एकाच विषयावरचा मोठा ग्रंथ त्यांच्या हातून झाला नाही. मागे राहिले ते मुख्यतः निबंध, परीक्षणे आणि व्याख्याने. दोन्ही देशांतील संबंध निवळल्यावर १९७० च्या दशकात ते मायदेशी जाऊन आले. १९८० मध्ये निवृत्त झाले आणि १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

आज त्यांचे महत्त्व काय?

मठांच्या अर्थकारणावर फ्रेंच अभ्यासक जाक गेर्ने यांचा मोठा ग्रंथ १९५६ मध्ये आला आणि तो विषय पुढे स्वतंत्र शाखाच बनला. यांग यांचे विद्यार्थी यू यिंग-शी यांनी हान काळातील व्यापारावर आणि नंतर चिनी व्यापाऱ्यांच्या नीतिविचारांवर लिहिले. २००६ मध्ये त्यांना अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्लूगे पुरस्कार विभागून मिळाला. चीनच्या पैशाचा इतिहास बँकांपासून सुरू होत नाही, तो मठ, पेढी आणि भिशीतही शोधावा लागतो, हे यांग यांनी दाखवून दिले. आजचे अभ्यासकही त्याच वाटेने पुढे जात आहेत.